माझ्याकडे तर दिसतंय!

वेबसाइट पूर्ण बंद पडली तर त्यात एक सुख असतं. सगळ्यांचं एकमत असतं. अध्यक्षांना दिसत नाही, सचिवांना दिसत नाही, शिपायालाही दिसत नाही. मग दुरुस्तीवाल्याला बोलवायचं की नाही, यावर वाद उरत नाही. खरा छळ सुरू होतो तो वेबसाइट अर्धी चालते तेव्हा. पहिलं पान झकास उघडतं. संस्थापकांचा फोटो दिसतो, ‘आपले सहर्ष स्वागत’ उजवीकडून डावीकडे सरकत जातं आणि ‘वार्षिक अहवाल’वर क्लिक केलं की पडदा पांढरा. एक गोल फिरत राहतो. फिरून फिरून दमला की ‘ही साइट उघडता येत नाही’ म्हणून मोकळा होतो. आणि हे सगळं फक्त बाहेरच्यांना. संस्थेच्या कार्यालयात बसून त्याच अहवालावर क्लिक करा, अहवाल हजर. शेरे, ताळेबंद, सगळ्यांसकट.

मी पोटापाण्यासाठी नेटवर्कची कामं करतो. त्यामुळे नात्यात, सोसायटीत आणि ओळखीच्या संस्थांमध्ये ‘ते कॉम्प्युटरचं बघतात’ एवढीच माझी ओळख आहे आणि ‘कॉम्प्युटरचं’ या सदरात टीव्हीच्या रिमोटपासून सर्व्हरपर्यंत काहीही येतं. मला येणाऱ्या फोनमधलं एक वाक्य वर्षानुवर्षं बदललेलं नाही: “माझ्याकडे तर दिसतंय!” हे वाक्य माहिती म्हणून सांगितलं जात नाही, निकाल म्हणून सुनावलं जातं. बाहेरचे पन्नास सभासद ओरडत असले तरी कार्यालयात ज्याच्याकडे दिसतंय तो माणूस त्या पन्नासांकडे संशयाने बघतो. त्यांचा फोन जुना असेल. त्यांचं रिचार्ज संपलं असेल. पुढची पायरी म्हणजे, ते विरोधी पॅनेलचे असतील.

एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची गोष्ट सांगतो. नाव कशाला घ्या, वाचनालय चांगलं आहे. तिथला सर्व्हर म्हणजे लोखंडी कपाटाशेजारी, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याला टेकून उभा असलेला एक कॉम्प्युटर. त्यावर पांढरा कागद चिकटवलेला: ‘हे बंद करू नये. विचारूही नये. – हुकुमावरून’. त्याच्यापुढे राउटर. राउटरपुढे जग. वाचनालयाची वेबसाइट या कॉम्प्युटरवर राहते आणि राउटरने त्याला घरातला म्हणून एक नंबर दिलेला आहे: १९२.१६८.१.१०.

हा नंबर म्हणजे ‘मारुतीच्या देवळामागे, दुसरं घर’ असा पत्ता. गावातल्या माणसाला तेवढा पुरतो. पोस्टमन तर डोळे मिटून जाईल. पण हाच पत्ता पाकिटावर लिहून बंगळुरूच्या पेटीत टाकला तर? मारुतीचं देऊळ नसलेलं गाव महाराष्ट्रात शोधून दाखवा. १९२.१६८ने सुरू होणारे ६५,५३६ नंबर जगातल्या कुठल्याही घराने, दुकानाने, दवाखान्याने आतल्या आत खुशाल वापरावेत, कुणाची परवानगी घेऊ नये, असं फेब्रुवारी १९९६मध्ये आरएफसी १९१८ या कागदाने ठरवून दिलं. दहाने सुरू होणारे सगळे आणि १७२.१६पासून १७२.३१पर्यंतचेही तसेच खासगी. अट एकच, हे नंबर उंबरठ्याबाहेर न्यायचे नाहीत.

वाचनालयाची वेबसाइट नेमकं तेच करत होती. प्रत्येक लिंकमध्ये ती प्रामाणिकपणे लिहीत होती, ‘अहवालासाठी १९२.१६८.१.१० येथे संपर्क साधावा’. बंगळुरूतल्या सभासदाचा ब्राउझर आज्ञाधारक. त्याने हा नंबर वाचनालयात नाही, त्या सभासदाच्याच घरात शोधला. आणि तिथे तो नंबर कुणाचा असेल हे त्या घरच्या राउटरच्या मर्जीवर असतं. कुणाचा प्रिंटर, कुणाचा टीव्ही, बहुतेक ठिकाणी कुणाचाच नाही.

एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी मात्र तो नंबर निघाला. त्यांनी ‘नवीन पुस्तके’वर क्लिक केलं आणि समोर पासवर्ड मागणारं पान आलं. त्यांनी सभासद क्रमांक टाकून पाहिला. जन्मतारीख टाकून पाहिली. संस्थापकांचं आडनाव टाकून पाहिलं. मग वाचनालयाला रीतसर पत्र लिहिलं की, सार्वजनिक वाचनालयाने ग्रंथांच्या यादीला कुलूप लावणे हे संस्थेच्या उद्दिष्टांशी विसंगत असून याबाबत खुलासा व्हावा. ते पान वाचनालयाचं नव्हतंच. ते सरांच्या स्वतःच्या गॅलरीतल्या सीसीटीव्हीच्या डब्याचं होतं. सर तासभर स्वतःच्याच घरात घुसायचा प्रयत्न करत होते, आणि डबा त्यांना घेत नव्हता.

हे खासगी नंबर हवेत कशाला, प्रत्येक यंत्राला सरळ जगजाहीर पत्ता का नाही, असं सचिवांनी मला विचारलं होतं. रास्त प्रश्न आहे. १९८१मध्ये इंटरनेटच्या पत्त्यांची जी पद्धत कागदावर पक्की झाली, तिच्यात सगळे मिळून पत्ते साधारण ४२९ कोटी. ठरवणाऱ्यांना ते भरपूर वाटले असणार. एका खोलीत तीन फोन, दोन टीव्ही आणि एक बोलणारा स्पीकर असेल हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार? पत्ते पुरणार नाहीत हे दहा-बारा वर्षांतच कळून चुकलं. मे १९९४मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी एक युक्ती मांडली. आत कितीही यंत्रं ठेवा, बाहेर मोजकेच पत्ते दाखवा आणि मधल्या खोक्याला येताजाता पत्ते बदलत बसू द्या. हीच ती नॅट. ही थोड्या काळाची सोय आहे, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. कायमचा उपाय म्हणून आयपीव्ही६ डिसेंबर १९९५मध्ये कागदावर आलंही. तात्पुरत्या सोयीचं आयुष्य आपल्याकडे किती असतं हे वाचकांना मी सांगायला नको. इंटरनेटवरही तेवढंच असतं. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मुख्य साठ्यातले जुन्या पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटून संपले आणि नॅट अजून घरोघरी गुरगुरते आहे.

वाचनालयात हा घोळ उघडा पडला तो अमृतमहोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेमुळे. पत्रिकेत या वेळी क्यूआर कोड छापायचा असं ठरलं. स्कॅन केलं की ७५ वर्षांची वाटचाल, फोटोंसकट. कल्पना सचिवांची, आणि चांगलीच. कार्यालयातल्या मॅडमनी वेबसाइट उघडली, वर पट्टीत दिसला तो पत्ता उचलला, कोड तयार केला, छापखान्याकडे पाठवला. मुद्रित तपासण्यासाठी उपसमिती बसली. महाराष्ट्रात निमंत्रणपत्रिकेचं मुद्रित तपासणं ही काय चीज आहे, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. कुणाच्या नावाआधी ‘मा.’ आणि कुणाच्या आधी नुसतं ‘श्री.’, आमदार वर की नगराध्यक्ष वर, ‘शुभहस्ते’ आणि ‘प्रमुख उपस्थिती’ यांच्या अक्षरांचा आकार सारखा आहे की एक मिलिमीटर कमीजास्त, माजी अध्यक्षांच्या नावापुढे ‘माजी’ लिहिलं तर ते येतील का... सगळं तपासलं. क्यूआर कोडसुद्धा तपासला, हे विशेष. पाचही जणांनी आपापले फोन काढून स्कॅन केला. पाचही जणांकडे उघडला. खाली पाच सह्या.

पाचही फोन वाचनालयाच्या वायफायवर होते.

पत्रिका गावभर, पुण्यामुंबईला, दोनचार अमेरिकेलाही गेल्या. कोड सगळ्यांना आपापल्या घरातल्या १९२.१६८.१.१० कडे पाठवू लागला. तक्रारी आल्या की मॅडम फोन काढायच्या, टेबलावरची पत्रिका स्कॅन करायच्या आणि मान वर न करता म्हणायच्या, “माझ्याकडे तर दिसतंय.”

मग बैठक. अशा बैठकीला चार पक्ष असतात आणि चौघेही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणूनच ती लांबते. वेबसाइट करणारा मुलगा म्हणाला, “काका, कोडमध्ये काही नाहीये. लोकलला व्यवस्थित चालतंय.” वायरिंग करून गेलेला म्हणाला, “साहेब, पिंग येतोय. पिंग आला म्हणजे आमचं काम संपलं.” नेट-कंपनीला फोन लावला. तिथून गाण्यानंतर आलेला आवाज म्हणाला, “सर, एकदा राउटर बंद करून चालू करा.” केला. राउटर जागा झाला तो मागचं सगळं विसरून, आणि त्याने सर्व्हरला १० ऐवजी १४ नंबर देऊन टाकला. आता आतूनही काही दिसेना. निदान एकमत झालं. तेवढ्यात खजिनदारांनी व्हायरसची शंका काढली आणि सचिवांनी ती इतिवृत्तात घेतली.

सर्व्हरचा दहा नंबर राउटरमध्ये त्याच्या नावावर कायमचा लिहून टाकला, आणि मग खऱ्या तपासाला बसलो. हा तपास इतका साधा असतो की तो केल्यावर लोकांचा बिल देण्याचा उत्साह जातो. फोनचं वायफाय बंद करायचं, मोबाइल डेटावर यायचं, की आपण बाहेरचे झालो. मग त्याच डेटावर लॅपटॉप जोडून ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबायचं, नेटवर्क नावाचा रकाना उघडायचा आणि लिंक नेमकी कुठे निघाली आहे ते वाचायचं. बस. तिथे सगळं धडधडीत लिहिलेलं असतं. जे पन्नास सभासद सांगत होते आणि पाच सह्यांमुळे खोटे ठरले होते, ते तिथे एका ओळीत येतं.

आता पत्ता चुकीचा कुठून आला, हा प्रश्न. वेबसाइट कधीकधी लिंक अर्धी लिहिते: ‘अहवाल नावाचं पान’, एवढंच. मग ब्राउझर उरलेला पत्ता आपला आपण जोडून घेतो, तुम्ही ज्या दाराने आलात त्याच दाराचा. यात फसवणूक नाही. पण पुष्कळ ठिकाणी संपूर्ण पत्ता लिहायची हौस असते आणि त्यासाठी ‘बेस यूआरएल’ नावाचा एक खाना ठेवलेला असतो. मुलाने वेबसाइट वाचनालयातच बसून बसवली. तेव्हा बाहेरचं नाव अजून विकत घेतलेलं नव्हतं. समोर जो पत्ता दिसत होता तो त्याने त्या खान्यात भरला, चालतंय हे पाहिलं, चहा घेतला आणि गेला. सर्व्हरच्या दृष्टीने विषय संपला. आपल्याला बाहेर लोक काय नावाने ओळखतात हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नाही, आणि कपाटाशेजारी उभं राहून ते आपोआप कळत नाही.

वाचनालयात निदान एकच राउटर होता. मोठ्या संस्थांमध्ये मध्ये आणखी खोकी असतात. फायरवॉल, लोड बॅलन्सर, रिव्हर्स प्रॉक्सी. नावं भारदस्त, काम बरंचसं आत-बाहेर करण्याचं. १९९७मध्ये एचटीटीपीचा १.१ हा अवतार आला, तेव्हापासून प्रत्येक विनंतीत ‘मला अमुक नावाची साइट हवी आहे’ अशी एक ओळ लिहिणं सक्तीचं आहे. तिला होस्ट म्हणतात. एकाच यंत्रावर शंभर साइट राहायला लागल्यावर त्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण मधली प्रॉक्सी पाहुण्याची विनंती स्वतःच्या हाती घेते आणि आत जाऊन स्वतःच्या शब्दांत पुन्हा मांडते. एनजिनएक्स नावाचा फार वापरला जाणारा प्रकार तर, वेगळं सांगितलं नाही तर, होस्टच्या ओळीत पाहुण्याने घेतलेलं नाव खोडून आतल्या सर्व्हरचं नाव घालतो. आतल्या सर्व्हरला वाटतं, पाहुण्याने आपल्याला याच नावाने हाक मारली. तो सगळ्या लिंका त्या नावाने लिहून देतो. उपाय एका ओळीचा आहे: पाहुण्याने घेतलेलं नाव तसंच आत पोहोचव. ते जमत नसेल तर एक्स-फॉरवर्डेड-होस्ट नावाची जादा ओळ सोबत देता येते. २०१४मध्ये या जादा ओळींसाठी आरएफसी ७२३९ने एकच अधिकृत ओळ नेमून दिली. तरी लोक जुन्याच ओळी लिहितात. आणि सर्व्हरने ही ओळ फक्त आपल्या खोक्याकडून आली तरच खरी मानायची. नाहीतर बाहेरचा कुणीही उपटसुंभ ‘माझं नाव अमुक’ म्हणून लिहून पाठवेल, आणि पासवर्ड बदलायच्या ईमेलमध्ये त्याच्या दाराची लिंक छापली जाईल. हा विनोद नाही, असे हल्ले होतात.

एका पतसंस्थेत या खोक्याने वेगळीच मजा केली. खोकं दर्शनी दारात एचटीटीपीएसचं कुलूप उघडायचं आणि आत साध्या एचटीटीपीने निरोप द्यायचं. यात गैर काही नाही, सर्रास करतात. पण आतल्या सर्व्हरला कुणीतरी सुरक्षेचा धडा दिला होता: साध्या वाटेने कुणी आलं तर परत पाठव. त्यामुळे संवाद असा:

“साध्या वाटेने येऊ नका, सुरक्षित वाटेने या.”

“सुरक्षित वाटेनेच आलो.”

“मला साधीच दिसतेय. सुरक्षित वाटेने या.”

“अहो, तिथूनच आलो!”

“या, या, सुरक्षित वाटेने या.”

क्रोमसारखा ब्राउझर अशा वीस फेऱ्या निमूटपणे मारतो आणि मग ‘या पानाने फार वेळा दुसरीकडे पाठवलं’ अशी हताश नोंद करून बसतो. पतसंस्थेचे व्यवस्थापक म्हणाले, “पण आतून तर लगेच उघडतं.” आतली माणसं खोक्याला वळसा घालून सर्व्हरकडे थेट, स्वतः सुरक्षित वाटेनेच जात होती. त्यांना कोण अडवणार? इथे ‘मूळ पाहुणा सुरक्षित वाटेने आला आहे’ हे सांगणारी एक ओळ खोक्याकडून द्यावी लागते, एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो. दिली. संवाद मिटला.

आणि एका शाळेत वर्डप्रेस. वर्डप्रेसमध्ये असा पत्त्याचा एक नाही, दोन खाने आहेत, आणि त्यांत आतला नंबर असेल तर बाहेरच्याला पहिलं पानही धड दिसत नाही. दार वाजवताच तो स्वतःच्या घरी रवाना होतो. शाळेतल्या उत्साही शिक्षकांनी खाने दुरुस्त केले. पण जुन्या बातम्यांमध्ये, स्नेहसंमेलनाच्या फोटोंमध्ये, सगळीकडे आतला नंबर चिकटलेला. मग त्यांनी डेटाबेस उघडून ‘हे शोध, तिथे ते घाल’ असा एकच तडाखा दिला. बातम्या दुरुस्त झाल्या आणि पहिल्या पानावरचे सरकते फोटो, तळाची पट्टी, बाजूच्या चौकटी गायब! कारण ऐकण्यासारखं आहे. वर्डप्रेस अशा काही गोष्टी साठवताना मजकुराआधी त्याची लांबी लिहून ठेवतं. आतला पत्ता, पुढच्या एचटीटीपी आणि विसर्ग-तिरक्या रेघांसकट, १९ अक्षरांचा. तिथे शाळेचं लांबलचक नाव आलं, पण आधी लिहिलेले १९ तसेच राहिले. वाचताना यंत्राने मोजलं, हिशेब जुळला नाही, आणि त्याने ती आख्खी नोंदच फेटाळून लावली. यंत्र बारकाव्याच्या बाबतीत ऑडिटरांच्या पंक्तीतलं. डब्ल्यूपी-सीएलआय नावाचं साधन हे आकडे नीट सांभाळून बदल करतं. ते वापरावं, आणि त्याआधी डेटाबेसची प्रत काढून ठेवावी. सरांनी प्रत काढली होती. शाळेत वहीची प्रत काढायची सवय असते, ती कामी आली.

पुन्हा वाचनालयाकडे येतो, कारण खरं नाट्य तिथे दुरुस्ती झाल्यावर घडलं. खान्यात बाहेरचं नाव घातलं. मोबाइल डेटावर पाहिलं: अहवाल उघडतोय, नवीन पुस्तकं उघडतायत, बंगळुरूहून फोन आला, “छान झालं.” दुसऱ्या दिवशी सकाळी सचिवांचा फोन. आवाजात तो विशिष्ट थंडपणा.

“काल तुम्ही हात लावलात ना? आता कार्यालयात काहीच उघडत नाही.”

आधी चालत होतं, तुम्ही हात लावलात आणि बंद पडलं. दुरुस्तीच्या धंद्यातला हा सगळ्यांत जुना आरोप आहे आणि बरेचदा तो खरा असतो. इथेही होता. कार्यालयातली सगळी मंडळी आजवर आतल्या नंबरानेच साइट उघडत होती, ब्राउझरला तशी खूण करून ठेवलेली. आता लिंका बाहेरच्या नावाने निघू लागल्या. म्हणजे कार्यालयातल्या कॉम्प्युटरने आधी राउटरच्या बाहेरच्या तोंडाशी जायचं आणि तिथून वळून पुन्हा आत यायचं. केसांत खोचायच्या आकड्यासारखं हे वळण, म्हणून त्याला हेअरपिन म्हणतात. काही राउटरना हे वळण घेताच येत नाही. काही घेतात पण अर्धवट: विनंती सर्व्हरपर्यंत जाते, सर्व्हर बघतो की अरे, विचारणारा तर शेजारच्या टेबलावरचा आहे, आणि सरळ त्यालाच उत्तर देऊन टाकतो, राउटरला न विचारता. इकडे कॉम्प्युटर वाट पाहतोय बाहेरच्या पत्त्याच्या उत्तराची. त्याला १९२.१६८.१.१० नावाचा कुणीतरी आगंतुक अहवाल देऊ लागतो. “मी तुम्हाला विचारलंच नव्हतं,” म्हणून तो अहवाल नाकारतो. दोन टेबलांमध्ये चार फुटांचं अंतर, आणि बोलणं बंद.

गंमत म्हणजे लेखनिकांच्या कॉम्प्युटरवर मात्र सगळं सुरळीत. “माझ्याकडे तर दिसतंय,” त्यांनी खुर्चीत मागे रेलून सांगितलं. चार जण त्यांच्यामागे उभे राहून बघत होते. कारण सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी आणि त्यात होस्ट्स नावाची एक छोटीशी फाइल असते, मागे काही शेपूट नसलेली. कुणी एके काळी येऊन त्यात एक ओळ लिहून गेलं होतं: वाचनालयाचं बाहेरचं नाव म्हणजे १९२.१६८.१.१०. त्याने एकाच टेबलाचा प्रश्न सोडवला, बहुधा त्याच टेबलावर चहा घेतला, आणि कुणाला काही न सांगता गेला. अशा ओळी देशभर किती कॉम्प्युटरांत असतील देव जाणे. सर्व्हरचा नंबर बदलेपर्यंत त्या कुणाला दिसत नाहीत. बदलला की त्या टेबलावरचा माणूस एकटा पडतो आणि त्याचं कुणी ऐकत नाही.

योग्य उपाय म्हणजे हेच काम उघडपणे आणि सगळ्यांसाठी करायचं: कार्यालयातल्या माणसाने साइटचं नाव विचारलं तर त्याला आतला नंबर सांगायचा, बाहेरच्याने विचारलं तर बाहेरचा. आत-बाहेरची दोन उत्तरं देणारी डीएनएसची अशी व्यवस्था सर्रास करतात. केली. लेखनिकांची ओळ काढून टाकली. ते थोडे खट्टू झाले, कारण त्यांच्याकडे आता सगळ्यांसारखंच दिसत होतं.

पण इतिवृत्तात ‘दुरुस्ती पूर्ण’ लिहायला अजून एक अडथळा होता. अध्यक्ष. घरून, त्यांच्या लॅपटॉपवर, अजून जुनाच पांढरा पडदा. गावातल्या, पुण्यातल्या, शिकागोतल्या सभासदांना दिसतंय आणि अध्यक्षांना दिसत नाही, म्हणजे दिसत नाही. इथे मुलाने मधल्या काळात लावलेला एक उपाय आड आला. त्याने पहिल्या पानावरून येणाऱ्यांना ३०१ या क्रमांकाने आतल्या पत्त्यावर पाठवून पाहिलं होतं. ३०१ म्हणजे ‘कायमचे स्थलांतर’. ३०२ असता तर ‘सध्यापुरते’. ब्राउझर कायमचे म्हणजे कायमचेच समजतो. तो ते पाठ करतो आणि पुन्हा सर्व्हरला विचारायलाही जात नाही. अध्यक्षांनी नेमकं त्या संध्याकाळी साइट पाहिली होती. मुलाने चूक ओळखून ३०१ काढला होता, पण अध्यक्षांचा लॅपटॉप दिलेला शब्द पाळत बसला होता. खासगी खिडकी उघडून दाखवली, तिथे दिसलं. जुनी साठवण पुसली, मग इकडेही दिसलं. अध्यक्ष म्हणाले, “बरं, म्हणजे माझ्याच लॅपटॉपमध्ये बिघाड होता. मग तुमचं बिल कशाचं?”

हा प्रश्न बैठकीपुढे आहे.

छापून गेलेल्या पत्रिकांचं काही करता आलं नाही. आतला नंबर छापलेला कोड जगातल्या कुठल्याही सर्व्हरवर काहीही बदल केला तरी बाहेरून चालत नाही. समारंभाच्या दिवशी तो एकाच जागी चालला, वाचनालयाच्या सभागृहात, वायफायवर. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात त्याचं कौतुक केलं.

तेव्हा एक विनंती. लिंक उघडत नाही अशी तक्रार कुणालाही पाठवण्याआधी फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर एकदा पाहा, आणि दोन्हीकडे काय दिसलं ते दोन ओळींत लिहा. संस्थेच्या आत बसलेले असाल तर हे आधी तुम्हीच करा, विशेषतः काही छापायला देण्यापूर्वी. आणि पडद्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणार असाल तर कृपा करून त्यातली वरची पत्त्याची पट्टी कापू नका. मला येणाऱ्या फोटोंत पांढरा पडदा पूर्ण असतो, टेबलावरचा चहाचा कपही असतो, आणि पट्टी तेवढी कापलेली असते. आम्हाला फक्त ती पट्टीच हवी असते.